दोनला माती

उंब्रजच्या शाळेतली पोरं कणसे सरांना ‘भिंगरी’ म्हणत, आणि हे सरांना पक्कं ठाऊक होतं. रागवायचं कशाला? नाव बरोबरच होतं. आप्पासो कणसे, दहावी ‘ब’चे वर्गशिक्षक, विषय गणित आणि विज्ञान, वय एक्कावन्न. तास सुरू झाला की फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत आणि मागच्या भिंतीपासून फळ्यापर्यंत त्यांची जी फेरी सुरू व्हायची, ती घंटा होईपर्यंत थांबायची नाही. एकदा मागच्या बाकावरच्या पोरींनी मोजून काढलं होतं, एका तासात शहाऐंशी फेऱ्या. शिपाई रोज सकाळी त्यांची खुर्ची पुसायचा, ते निव्वळ कर्तव्य म्हणून. घरी जेवायला बसले तरी मांडी हलायची आणि ताटातली आमटी हिंदकळायची. बायको म्हणायची, “आवं, जरा दमानं. आमटी काय पळून चाललीया व्हय?”

पण हा माणूस जन्माचा असा नव्हता. बारा वर्षांपूर्वी त्याला ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. ताठ चालायचे, खुर्चीत मागे रेलून बसायचे, आणि शिक्षकांच्या खोलीत कुणी पाहुणा आला की हटकून त्याचं लक्ष पाण्याच्या फिल्टरवरच्या भिंतीकडे जाईल असं काहीतरी बोलायचे. तिथं एक फ्रेम होती. फ्रेममध्ये वर्तमानपत्राचं कात्रण: ‘वडिलांचा मृतदेह अंगणात, शंभूराजने दिला भूमितीचा पेपर’. खाली फोटो. मोटारसायकलवर पुढे कणसे सर, मागे गणवेशातला एक पोरगा. आणि बातमीत शेवटच्या ओळीला, ‘वर्गशिक्षक आप्पासो कणसे यांनी विद्यार्थ्याला धीर दिला.’ ती बातमी वार्ताहराला फोन करून खुद्द कणसे सरांनीच दिली होती, हे मात्र फ्रेममध्ये लिहिलेलं नव्हतं.

झालं होतं असं. शंभूराज हा गावातल्याच ऊसवाल्या घरातला पोरगा. वडील नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. भूमितीच्या पेपरच्या दिवशी पहाटे छातीत कळ आली आणि नाथाजी गेले. सरांना कळलं तसे ते गाडी काढून वस्तीवर पोचले. अंगणात नाथाजींना ठेवलेलं. उशाशी त्यांची म्हातारी आई, मनुबाई, पंच्यानं माशा वारत बसलेली. पोरगा बापाच्या पायाशी. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ऊठ बाळा. सुभेदारसाहेबांना काय आवडलं असतं? ऊठ. बस गाडीवर.” पोरगा उठला आणि गाडीवर बसला. भावकीनं माना डोलावल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पेपर संपेपर्यंत सुभेदारांना तसंच अंगणात ठेवलं, मग पोरानं येऊन अग्नी दिला. भूमितीत त्याला चाळीसपैकी एकोणचाळीस पडले. कणसे सर पुढची आठ वर्षं प्रत्येक दहावीला ही गोष्ट सांगत आले, आणि सांगताना दरवेळी त्यांचा आवाज भरून यायचा. खोटं नव्हतं ते. त्यांना खरंच वाटत होतं की आपल्या हातून आयुष्यात एक मोठं काम झालं.

चार वर्षांपूर्वी ते सांगलीच्या मार्केट यार्डात वर्षाची हळद घ्यायला गेले. एका अडत दुकानात पोत्यांच्या थप्पीमागून कुणीतरी “सर!” म्हणून हाक मारली. शंभूराज. कोपरापर्यंत हात पिवळे, अंगानं भरलेला, कपाळावर दोन आठ्या कायमच्या. तिथं हळदीची प्रत बघायचं काम करत होता. दोघं चहाला बसले. सर खुशीत होते. म्हणाले, “अरे, तुझं कात्रण अजून लावलंय आम्ही. रोज बघतो.”

“काढून टाका सर ते,” शंभूराज म्हणाला.

सरांना वाटलं, लाजला. म्हणून त्यांनी अजून दोन शब्द कौतुकाचे घातले. तेव्हा पोरानं चहाचा कप खाली ठेवला.

“सर, पेपर हातात पडला आनि बघतोय तर मला येणारं प्रमेय आलेलं. मी खूश झालो. तुमाला सांगतो, लय खूश झालो. आबा तिकडं उन्हात, आनि मी हिकडं पट्टी धरून खुशीत रेघा मारतोय. ते प्रमेय मला अजून पाठ हाय. आबांचं तोंड आठवाया गेलो की पहिल्यांदा तेच येतंय.” मग पिवळ्या बोटांकडे बघत म्हणाला, “तुमी मला इचारलं न्हाई. ‘बस गाडीवर’ म्हनालात.”

कणसे सरांनी चटका बसेल इतका गरम चहा एका घोटात संपवला, “येतो” म्हणाले आणि निघाले. हळद घ्यायची राहून गेली. घरी बायकोनं चार शब्द ऐकवले, तेही त्यांना ऐकू गेले नसावेत. त्या दिवसापासून माणूस भिंगरी झाला.

आणि एकदा डोळ्यांवरचं झापड निघाल्यावर काय काय दिसायला लागलं! दरवर्षी शाळेत दोन-तीन पोरांच्या घरातलं कुणीतरी जायचं. कुणाची आई, कुणाचा बाप, एकाचा तर जुळा भाऊ. शाळा काय करायची? त्या पोराला परिपाठाच्या वेळी पुढं उभं करून सगळ्या शाळेला दोन मिनिटं स्तब्ध ठेवायची. सहाशे डोळे त्या एका पोरावर. नंतर त्यानंच रजेचा अर्ज लिहून आणायचा, कारणासकट. ‘माझे वडील वारल्यामुळे मी दहा दिवस गैरहजर होतो, तरी माफी असावी.’ माफी! असे किती अर्ज कणसे सरांनी स्वतः सही करून दप्तरी लावले होते, आणि एकावर तर शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दुरुस्त केल्या होत्या. आठवलं की ते झोपेतून उठून ओसरीवर फेऱ्या मारायचे.

मग त्यांनी आपल्यापुरतं बदलायला घेतलं. अर्ज बंद. पोर शाळेत यायच्या आधी स्वतः त्याच्या घरी जाऊन यायचे, आणि जास्त काही न बोलता बसून यायचे. बसणं हे त्यांना सगळ्यात जड जायचं, तरी बसायचे. वर्गाला आधीच सांगून ठेवायचे की बघत राहू नका, गप्पही बसू नका, त्याची आई गेली आहे हे त्याला ठाऊक आहे, तुम्ही लपवून काय होणार? दाराजवळचा बाक त्याला द्यायचे आणि सांगायचे, जीव घाबरला तर परवानगी न विचारता बाहेर जायचं, नळावर पाणी प्यायचं, परत यायचं. कधीकधी पोर बाहेर जायचं ते परतच यायचं नाही, मग सर खडू हातात घेऊन शोधत फिरायचे. एकदा एकीशी बोलता बोलता त्यांनाच रडू आलं आणि उलट तीच त्यांची समजूत घालत बसली. चुका होत होत्या. पण कात्रण काही निघालं नाही. मुख्याध्यापिका संयोगिता मॅडमना ती फ्रेम शाळेची शान वाटायची, आणि ती काढायचं खरं कारण सांगायला सरांची जीभ रेटेना.

अशात ही मार्च महिन्यातली सकाळ आली.

सोनिया त्यांच्या वर्गातली. माण तालुक्याच्या पार पूर्वेकडची, धनगराची पोरगी. बाप धनाजी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा, ऊस तुटलेल्या रानांत मेंढरं बसवायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत वर जायचा. सहा वर्षांपूर्वी त्यानंच पोरीला इथल्या वसतिगृहात घातलं. मेंढरं रस्त्याच्या कडेला उभी करून कुंपणावरून कणसे सरांना हाक मारायचा, “मास्तर, आमची सोनी काय म्हंतीया? जमंल का धाव्वी?” सर म्हणायचे, “जमंल, जमंल.” मग तो हसत मेंढरं हाकत जायचा. आठ दिवसांपूर्वी महामार्गावरून कळप पलीकडे नेताना त्याला एका मोटारीनं उडवलं. मिरजेच्या दवाखान्यात ठेवला होता. पोरीला सांगितलं होतं, पाय मोडलाय.

विज्ञानाचा पेपर होता. अकराला पेपर, साडेदहाला सगळ्यांनी वर्गात. कणसे सरांची पद्धत अशी की परीक्षेच्या रोज सकाळी ते फाटकाशी उभे राहून प्रत्येक पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. डबा उघडून ते उभे होते, आणि पावणेदहाला फोन वाजला. सोनियाचा आजा, नानासो.

“मास्तर, धन्या गेला. साडेआठला गेला.” म्हाताऱ्याचा आवाज कोरडा होता, पाठ केल्यासारखा. “आता गाडीत घालून न्हेतोय गावाकडं. दोनला माती. तुमाला येक सांगायचं व्हतं. पोरीला कळू देऊ नगा.”

“नानासो, अहो...”

“आयका. त्येचा जीव व्हता त्या धाव्वीत. शुद्धीत व्हता तवर त्येच बोलत व्हता. पेपर बुडू देऊ नगा म्हनला. समदं पेपर हू द्या, शेवटाला आमी येऊन घिऊन जातो तिला. शबुद द्या मला.”

“बरं,” कणसे सर म्हणाले.

बोलून बसले खरे. त्या वेळी दुसरं काय सुचणार? फोन बंद झाला आणि समोर पोरांची रांग. हात आपोआप डब्यात जात होता, खडा काढत होता, तळहातावर ठेवत होता, “शांत डोक्यानं लिही... आकृतीला नावं दे... वेळ बघ...” आणि एक तळहात पुढं आला, मनगटावर काळा दोरा, सरांनी खडा ठेवला, मान वर केली तर सोनिया. तिनं “थँक्यू सर” म्हणून खडा तोंडात टाकला आणि आत गेली.

सुतकातल्या घरी गोड शिजत नाही, आणि आपण आत्ता बाप गेलेल्या पोरीचं तोंड गोड केलं! डबा त्यांनी शिपायाच्या हातात कोंबला आणि चालायला लागले. फाटकापासून सायकल-स्टँड, सायकल-स्टँडपासून नळ, नळापासून फाटक. नानासोंना परत फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. गाडीत बॉडी चढवत असतील, कुठला फोन ऐकू येतोय? पोरीच्या आईचा, मंगलचा, नंबर त्यांच्याकडे नव्हता. दहाला पाच कमी. गाव इथून अडीच तास. साडेदहाला निघालं तर एक वाजता पोचू. पेपर संपल्यावर निघालं तर राख बघायला मिळेल. डोक्यात नुसती आकड्यांची उलथापालथ, आणि त्याच्यामागे पिवळ्या हाताचा शंभूराज चहा पुढं ठेवून बसलेला.

पण शब्द दिला होता. तो बापाची इच्छा म्हणून दिला होता. आजा काय दुष्ट होता? लेक गेलेला म्हातारा, त्याच्या शब्दावर पाय देणारे आपण कोण? आणि सांगितल्यावर पोर कोसळली, पुढचे पेपरही गेले, तर? तर कुणी म्हणेल का की कणसे सर चांगले होते? ते घाबरले होते, हे साफ सांगायला हवं. एकदा तर त्यांच्या मनात येऊन गेलं की आपल्याला फोन आलाच नाही असं समजावं.

ते संयोगिता मॅडमच्या खोलीत शिरले आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मॅडम हॉलतिकिटांच्या यादीवरून मान वर न करता ऐकत होत्या, मग पेन खाली ठेवलं.

“तुम्ही शब्द दिलाय, कणसे. आणि हा त्यांच्या घरचा मामला आहे.”

“बाप तिचा आहे, मॅडम.”

“यंदा शंभर टक्के निकाल...” असं मॅडम बोलून गेल्या आणि स्वतःच चपापल्या. मग त्या म्हणाल्या, “मी उठवून नेऊ देणार नाही तिला. तुम्हीही न्यायचं नाही.”

“मी नेणार नाही. मी तिला विचारणार आहे. विज्ञानाचा पेपर जुलैत परत देता येतो, वर्ष वाया जात नाही. तिला दोन्ही सांगतो, मग ती म्हणेल तसं.”

मॅडमनी ड्रॉवर उघडला, गाडीची किल्ली काढून टेबलावर सरकवली. “उद्या कुणी तक्रार केली तर माझं नाव घेऊ नका. आणि डिझेल अर्धंच आहे, वाटेत भरा. बनाबाईंना सोबत घ्या, पोर एकटी नको तुमच्याबरोबर.”

बनाबाई वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. पोरींना त्यांचा धाक आणि त्यांचाच आधार. त्यांनी सोनियाला वर्गातून बोलावून सायकल-स्टँडमागच्या कडुलिंबाखाली आणलं. पोरगी हातात पॅड आणि पेनांचं पारदर्शक पाकीट घेऊन आली. चेहऱ्यावर एवढंच की हॉलतिकिटात काही घोटाळा आहे का.

सरांनी वाटेत सात-आठ वाक्यं जुळवली होती. ‘माणसाच्या हातात काय असतं’ वगैरे. तिला बघितल्यावर सगळी पळाली.

“सोनिया, वाईट बातमी आहे. तुझे वडील गेले. आज सकाळी, मिरजेत.”

ती बघत राहिली. गालात गुळाचा खडा होता, जपून धरलेला, विरघळून बोराच्या बीएवढा उरलेला. तिनं दोन बोटांनी तो तोंडातून काढला आणि हातात धरून उभी राहिली, कुठं ठेवावा ते न कळून. सरांनी आपला तळहात पुढं केला. तिनं तो ओला खडा त्यावर ठेवला.

“किती वाजता?”

“साडेआठला.”

“तुमाला कवा कळलं?”

“पावणेदहाला.”

तिनं वळून शाळेच्या घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून बारा मिनिटं. “म्हंजी गूळ दिलात तवा तुमाला ठावं व्हतं.”

“होय,” सर म्हणाले. पुढं सारवासारव करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

बनाबाईंनी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही, नुसती ताठ उभी राहिली, लाकडासारखी. सरांचे पाय चुळबुळत होते. नळापर्यंत एक फेरी मारून यावं असं त्यांना इतकं वाटत होतं की घाम फुटला. पण ते हलले नाहीत. हळूहळू, एकेक करून त्यांनी सांगितलं. माती दोनला आहे. पेपर अकराला आहे. दोन्ही होणार नाही. पेपर आज चुकला तर जुलैत देता येतो. तुझ्या आज्ज्यानं मला सांगितलंय की तुला कळू देऊ नका, पेपर देऊ दे. तुझ्या वडिलांनाही तू दहावी व्हावीस असं फार वाटत होतं, ते तुला माहीतच आहे. मी शब्द दिला होता, तो मोडून तुला सांगतोय.

“तू पेपर दिलास तर मी इथं फाटकाशी थांबतो, संपला की घेऊन जातो. आत्ता जायचं असेल तर गाडी तयार आहे. काहीही ठरवलंस तरी मी तुझ्याबरोबर आहे, कुणी तुला बोलणार नाही. तुला काय करायचंय? तू सांग.”

पहिली घंटा झाली. व्हरांड्यातून पोरं पळत होती. सोनियाचं लक्ष तिकडं गेलं, पॅडवर बोटं घट्ट झाली. सरांना वाटलं, ही आता आत जाईल, आणि जाऊ दे, विचारलंय तर तिचंच ऐकायचं.

“पेपर दिला तर आण्णांचं तोंड दिसंल का?”

“नाही दिसणार.”

“मग चला,” ती म्हणाली.

रस्ता काही त्यांच्या बाजूचा नव्हता. मसूरपर्यंत उसाच्या दुहेरी ट्रॉल्या, एकीला ओलांडावं तर पुढं दुसरी. सर हॉर्नवर हात ठेवूनच होते. मागं सोनिया बनाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पुसेसावळीच्या पुढं ती एकदम उठून बसली. “सर, मेंढरं कुणाकडं हाईत आता?”

“माहीत नाही ग. विचारू.”

“त्यातली येक गाभनी हाय. आण्णांनी सांगितलं व्हतं, ह्या आठवड्यात ईल म्हनून.” एवढं बोलली आणि मग तिला रडू फुटलं. वडूज येईपर्यंत ती रडत होती. सरांनी एकदाही “रडू नको” म्हटलं नाही. बनाबाई म्हणायला लागल्या तर त्यांनाही आरशातून खुणेनं थांबवलं.

सव्वा वाजता गावात शिरले. माळावरच्या घरापुढं दवाखान्याची गाडी उभी होती, माणसं जमली होती, तिरडी बांधून तयार. गाडीतून सोनिया उतरताना दिसली तशी बायकांत एकच हंबरडा उठला. तिची आजी रंगुबाई मोडून पडल्यागत जमिनीवर बसली. नानासो डोक्याचा पिवळा फेटा काढून खांद्यावर टाकून उभे होते. त्यांनी पोरीकडे बघितलं, मग कणसे सरांकडे.

“मास्तर, शबुद दिलावता तुमी.”

“दिला होता. मोडला.”

“लेकाची शेवटची विच्छा व्हती ती.” म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. “तुमी शिकल्याली मानसं. आमच्या शबदाला काय किंमत न्हाई व्हय?”

माणसं त्यांच्याकडे बघत होती. तेवढ्यात सोनिया मध्ये आली, अंगावर शाळेचा गणवेश, हातात अजून ते पेनांचं पाकीट.

“आज्ज्या, सरांनी मला आनलं न्हाई. सरांनी इचारलं. म्या आले.”

नानासो नातीकडे बघत उभे राहिले, आणि उभ्या जागी त्यांचे खांदे खाली आले. मग त्यांनी वाकून तिरडीजवळचा पाण्याचा तांब्या उचलला, तुळशीचं पान त्यात टाकलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. “घाल पानी बाळा. तुजीच वाट बगत आसंल.” सोनिया गुडघ्यावर बसली. धनाजीच्या ओठांशी तिनं पानानं तीन वेळा पाणी लावलं, आणि मग कितीतरी वेळ नुसती त्याच्या तोंडाकडे बघत बसली. कुणी तिला उठवलं नाही. दोनची माती अडीचला झाली.

निघताना ती गाडीपर्यंत आली. डोळे सुजलेले, पण नजर जागेवर. “सर, मंगळवारच्या पेपराला येती मी. सावडून झालं की काका सोडतो म्हनाल्यात.” आणि मग खाली बघत, “आजचा जुलैत दीन.” दिलाही तिनं, चाळीसपैकी सव्वीस पडले. भूमितीतल्या त्या एकोणचाळीसाइतकं त्याचं कुणी कौतुक केलं नाही, बातमीही आली नाही.

त्या दिवशी परत येताना वडूजच्या स्टँडजवळ बनाबाई चहाला थांबल्या. कणसे सर गाडीपाशी उभे राहिले. खिशात हात घातला तर बोटांना चिकट काहीतरी लागलं, कागदात गुंडाळलेला तो गुळाचा खडा. कधी खिशात ठेवला ते आठवेना. त्यांनी फोन काढला आणि सांगलीला लावला. चार वर्षांत एकदाही लावला नव्हता.

“शंभूराज, कणसे सर बोलतोय.”

“बोला की सर.” मागं पोती टाकल्याचा आवाज, कुणीतरी भाव ओरडत होतं.

“एक विचारायचं राहिलं होतं तुला. तेव्हाच विचारायला हवं होतं. त्या दिवशी तुला पेपरला जायचं होतं का रे?”

दुकानातला गलबला हळूहळू लांब गेला, बहुतेक शंभूराज बाहेर येऊन उभा राहिला असावा.

“न्हवतं, सर,” तो म्हणाला. “आज्जी पंच्यानं माशा वारत व्हती. सकाळपासनं तिचा हात थांबला न्हवता. तिच्या हातातला पंचा घ्यावा, आनि आता मी वारतो म्हनावं, येवढंच माझ्या मनात चाललं व्हतं. मी उठनारच व्हतो त्यासाठी. तेवढ्यात तुमी आलात.”